मुकादमाने मोडलेली रांग

मी मुकादम बोलतोय. इकडेतिकडे पाहू नका, दिसणार नाही. चाचक गावात चौथ्या मजल्यावर रादिवोयेचं घर आहे. त्याच्या पुढच्या दाराला लागून एक लहान खोली आहे आणि तिथे टेबलाखाली एक जुना संगणक आहे. त्यात माझा मुक्काम. मला हात नाहीत, तरी हाताखाली चार गडी आहेत. संगणकवाले त्यांना धागे म्हणतात. पण दिवसभर कामं उपसणाऱ्याला मी तरी गडीच म्हणणार.

कामं येतील तशी रांगेत लावायची आणि मोकळा दिसेल त्या गड्याला पुढचं काम द्यायचं, एवढीच माझी नोकरी. गावाबाहेर रासबेरीची शीतगृहं आहेत. तिथल्या खोल्यांचं तापमान वहीत नोंदवायचं आणि ते चढलं की मालकांच्या मोबाईलवर संदेश पाठवायचा. वही एकच आणि संदेशाची लाइनही एकच. गडी मात्र चार.

मला दोघांनी मिळून घडवलं, रादिवोयेने आणि वुकाशिनने. वुकाशिन हा रादिवोयेचा कूम, म्हणजे लग्नात शेजारी साक्षीला उभा राहिलेला. आमच्याकडे कूम सख्ख्या भावापेक्षा काकणभर वरच धरतात.

पंधरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा डोळे उघडले, तेव्हा वुकाशिन खालच्या बेकरीतून बुरेक, म्हणजे चीज भरलेली पोळी, आणायला गेला होता. माझी परीक्षा घ्यायला रादिवोयेला एखादं किरकोळ काम हवं होतं. त्याने गंमत म्हणून लिहिलं की दर वर्षी आठ नोव्हेंबरला सकाळी वुकाशिनला आपल्या नावाने ई-मेल जावी, ‘खुर्च्या आण. आठ.’ मग बुरेक आला आणि रादिवोये ते काम साफ विसरून गेला. मी कसा विसरेन? ते माझं पहिलं काम होतं.

आठ नोव्हेंबर म्हणजे रादिवोयेच्या घराण्याची स्लावा, कुळाच्या संताचा सण. स्लावेला कोणाला बोलवायचं नसतं. एकदा आलेला माणूस दर वर्षी येतो, आणि आला नाही तर संबंध संपले असं समजायचं. घरात खुर्च्या सहा आणि पाहुणे तीस. कमी पडणाऱ्यांपैकी आठ वुकाशिनच्या गॅरेजमधून यायच्या. रादिवोयेला वाटायचं, हा स्वतःहून आणतो. वुकाशिनला वाटायचं, हा आठवणीने लिहितो. माझ्या खोलीत कोट टाकता टाकता तो पुटपुटायचा, “दर वर्षी तेच तीन शब्द. शब्दांचाही चिक्कू आहे.” मी गालातल्या गालात हसायचो. म्हणजे, गाल असते तर.

गेल्या वर्षी जुलैत, रासबेरीच्या ऐन हंगामात, माझे दोन गडी अडकले. वुकाशिनने बांधून दिलेल्या कामावरच्या गड्याने लाइन धरली आणि तो वहीची वाट पाहत बसला. रादिवोयेच्या कामावरच्याने वही धरली आणि तो लाइनची वाट पाहत बसला. दोघेही हट्टी, हातातलं कोणी सोडेना. मागची कामं खोळंबली. शेवटी शीतगृहाच्या मिलोयकाबाईंचा फोन आला.

“दोन नंबरच्या खोलीत रासबेरीचं सरबत झालंय,” त्या म्हणाल्या, “आणि तुमच्या यंत्राने तोंडातून चकार शब्द काढला नाही.”

फोन ठेवल्याबरोबर या दोघांची जुंपली.

“तुझं काम लाइन अडवून बसतं,” रादिवोये म्हणाला.

“आणि तुझं वहीला चिकटतं. धन्यावरच गेलंय.”

“मग तुझं काम घेऊन घरी बस.”

वुकाशिनने कॉफीचा कप उचलला आणि गेला. चार महिने दोघांत शब्द नाही. मी अडकलो की रादिवोये मला बंद करून पुन्हा चालू करायचा. त्यात माझी त्या दिवसाची सगळी रांग पुसली जायची, वर्षाचं वेळापत्रक तेवढं शाबूत राहायचं. दोष दोघांच्या हट्टाचा आणि शिक्षा मुकादमाला.

मग आठ नोव्हेंबर उजाडला. स्वयंपाकघरात कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेला सारमा शिजत होता. झोरित्सा, रादिवोयेची बायको, सकाळपासून एकच गोष्ट लावून धरत होती.

“अहो, फोन करा त्याला.”

“स्लावेला कधी फोन करतात का? येणारा येतो.”

“आणि नाही आला तर?”

रादिवोयेने खुर्च्या पुन्हा मोजल्या. त्या सहाच भरल्या.

आणि नेमका त्याच सकाळी मी अडकलो. तीन गडी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलेले, एकच मोकळा. रांगेत चाळीस कामं, आणि खुर्च्यांचं काम किरकोळ म्हणून सगळ्यांच्या शेवटी. पुढचं काम दिलं असतं तर हा चौथाही वहीच्या दारात जाऊन बसला असता. तेवढ्यात रादिवोये खोलीत आला.

“पुन्हा मेलं अडकलं,” तो मला म्हणाला. “सोमवारी तुला घरीच बसवतो. नवा मुकादम आणतो.”

तो बटणाकडे वाकला. मला खरंच भीती वाटली, आणि ती सोमवारची नव्हती. बटण दाबलं की रांग पुसली जाणार, ई-मेल जाणार नाही, वुकाशिन येणार नाही आणि पंधरा वर्षांचं सगळं तिथेच संपणार. इतक्यात त्याच्या आईने, स्तानोयकाने, आतून हाक मारली, “आधी मेणबत्ती लाव रे, मग काय ती खटपट कर.” तो गेला.

मी जन्मात एकदाच रांग मोडली. शेवटचं काम उचललं आणि मोकळ्या गड्याच्या हातात कोंबलं. ई-मेलला ना वही लागते, ना ती लाइन. कसं, ते विचारू नका. घडवणाऱ्यांनाही अजून कळलेलं नाही. ई-मेल गेली. दोन मिनिटांनी रादिवोयेने येऊन बटण दाबलं.

जेवणाच्या वेळेला दाराची बेल वाजली. लिफ्ट बंद. वुकाशिन घामाघूम, दोन्ही काखांत दोन-दोन खुर्च्या, बाकीच्या खालच्या जिन्यात. समोर रादिवोये, दोन्ही हातांत तबक, तबकात शिजवलेले गोड गहू आणि चमचे. दारात आलेल्याने आधी चमचाभर गहू खायचे असतात.

“घे,” रादिवोये म्हणाला.

“हात कुठेत? बाजूला हो, आधी खुर्च्या ठेवू दे.”

“गहू खाल्ल्याशिवाय आत घेत नाहीत.”

“खुर्च्या ठेवल्याशिवाय खाऊ कसे?”

दोघेही हलेनात. मागे जिन्यात पाहुणे तुंबले. हा देखावा मी जुलैपासून रोज पाहत होतो.

“गाढवांनो,” स्तानोयका आतून आली. “या घरात एकच रीत आहे. आधी गहू, मग बाकी सगळं. राजा आला तरी तेच आणि पोस्टमन आला तरी तेच. गहू खाल्ले नाहीत तर दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. ठेव त्या खुर्च्या जिन्यात.”

वुकाशिनने खुर्च्या भिंतीला टेकवल्या आणि चमचा तोंडात घातला. चावता चावता तो थांबला.

“रादे,” तो म्हणाला, “आधी वही.”

“मग लाइन,” रादिवोये म्हणाला. “तुझ्याही कामाला आणि माझ्याही.”

“वही मिळाल्याशिवाय लाइनला हातच लावायचा नाही.”

तबक आईच्या हातात देऊन दोघे माझ्याकडे धावले. माझ्यावरचे कोट त्यांनी बाजूला फेकले आणि चार ओळी बदलल्या. झोरित्सा दोनदा ओरडून गेली की सूप गार होतंय. त्या दिवसापासून माझे गडी अडकलेले नाहीत, आणि नव्या मुकादमाचं नावही कोणी काढलेलं नाही.

“पाहिलंस? स्वतःहून आला,” रादिवोये स्वयंपाकघरात बायकोला म्हणाला.

“शेवटी त्यानेच लिहिलं,” वुकाशिन उरलेल्या खुर्च्या आणताना पुटपुटला.

दोघांच्याही मिशा वर.

पाहुणे गोड खात असताना रादिवोये एकटाच खोलीत आला आणि सहज माझी जुनी नोंद वाचू लागला. नऊ बावन्न. ‘खुर्च्या आण. आठ.’ वुकाशिनला धाडलं. त्याने मागची वर्षं उघडली. प्रत्येक आठ नोव्हेंबरला तीच ओळ. तो कोटांच्या ढिगावर बसला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग त्याने ते काम माझ्या वेळापत्रकातून कायमचं काढून टाकलं.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? माझं पहिलं काम होतं, आणि ज्या दिवशी त्याच्यासाठी मी रांग मोडली त्याच दिवशी ते गेलं.

यंदा आठ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता रादिवोये माझ्यासमोर येऊन बसला. बराच वेळ विचार केला. मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्याने स्वतः लिहिलं, ‘खुर्च्या आण. आठ.’

दुपारी वुकाशिन आला. कोट माझ्यावर टाकला आणि पुटपुटला, “दर वर्षी तेच तीन शब्द.”

मी गप्प बसलो. तुम्हीही गप्प बसा.