सुटी वाक्यं

"पोरी, माझी जीभ कुणी कापली?"

दार न वाजवताच इद्वल आत आला. मेरेरिद खिडकीशी उभी होती. बाहेर, गाड्यांच्या तळापलीकडे, कुमहेली गाव दिसत होतं. प्रार्थनाघर, पब, दुकान, सगळं पुढून दगडी आणि मागून प्लायवूडचं. या खोट्या गावातली माणसं वर्षानुवर्षं ऐन जेवणाच्या वेळी वेल्समधल्या घराघरांत टीव्हीवर भांडत होती आणि ती भांडणं लिहून देणं हा मेरेरिदचा धंदा होता. त्याआधी तिनं दोन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. वेल्श भाषेत कादंबरी खपते म्हणजे काय, तर लेखिकेला तिचे बहुतेक वाचक बाजारात भेटतात आणि शेवट पटला नाही असं तोंडावर सांगतात.

"कुठं कापली? चांगली वळवळतेय की," ती म्हणाली.

"इथं नाही, कागदावर." मालिकेत इद्वल म्हातारा मेंढपाळ होता आणि बाहेरही आता तसा म्हाताराच होता. "मागच्या आठवड्यात मी काय बोललो? 'हं.' मग 'बरं.' मग फाटक दुरुस्त केलं. त्या फाटकाला माझ्यापेक्षा जास्त काम होतं. ते निदान करकरलं तरी."

"लोकांना आवडतं तुमचं गप्प बसणं. गेथिनला पत्रं येतात."

"निर्मात्याला पत्रं यायला लागली की माणूस पॅटागोनियाला जातो."

कुमहेलीत नकोशा झालेल्या पात्राला सहसा मारत नसत. मारलं की दफन आलं, दफनाला सगळे नट आले, खर्च आला. त्यापेक्षा दूर दक्षिण अमेरिकेत, पॅटागोनियात जाऊन राहिलेल्या कुणातरी वेल्श भाच्याकडे त्याला धाडून देत. निरोपसुद्धा नाही. दुकानातली बाई पाव गुंडाळता गुंडाळता म्हणे, "गेला बरं का तो." झालं. त्या नावाचाच नटांना धसका होता.

खरं कारण मेरेरिदच्या ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. मेंढ्यांच्या विणीचं चित्रण चालू असताना इद्वल एका वाक्याच्या मध्येच थांबला होता. फार वेळ नाही. पण पुढचं वाक्य जिथं असायला हवं तिथं काहीच नाही, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. बाकीच्यांना वाटलं, काय अभिनय! तेव्हापासून ती गुपचूप त्याची वाक्यं तोडत आली होती. दोन शब्द, एक नजर, हातात हातोडी. गेथिनला कळलं असतं तर त्यानं खूप हळहळून, खांद्यावर हात ठेवून, म्हाताऱ्याला पॅटागोनियाला पाठवलं असतं.

"माझा मालिकेतला भाऊ मरतोय ना आता?" इद्वल म्हणाला. "त्याच्या दफनाला मी बोलणार. लांब बोलणार. लिहितेस, की जाऊ गेथिनकडे?"

"लिहिते," ती म्हणाली आणि म्हणून झाल्यावर तिनं जीभ चावली.

त्यानंतर तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. कादंबरीत वाक्य कितीही लांबवावं, वाचक हरवला तर पान उलटून मागं जातो. पटकथेतलं वाक्य कुणाच्या तरी छातीत मावावं लागतं. आणि इथं त्या छातीला आधीचं वाक्य आठवेल याचाच भरवसा नव्हता. ती चालता चालता लिहायला लागली. दुकानाच्या रांगेत, कुत्र्यामागे ओल्या वाळूत, आंघोळ करताना. पहिला खर्डा सुरेख उतरला, म्हणूनच तिनं तो फाडला. त्यात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचा हात धरून चालत होतं. एक पडलं की अख्खी रांग खड्ड्यात.

मग तिनं 'म्हणून' काढून टाकला. 'पण' काढला. 'त्यानंतर' काढला. एकटं उभं राहील असं एकेक वाक्य लिहिलं. त्याला पोहता येत नव्हतं. त्यानं माझा चांगला कोट कधी परत केला नाही. आईला तो जास्त आवडायचा. कुठलंही आधी म्हणा, कुठलंही विसरा, भाऊ मेलेलाच राहील.

गेथिननं वाचलं. "हे जरा विस्कळीत नाही वाटत?"

"भाऊ मेल्यावर तू मुद्देसूद बोलशील?"

"मला भाऊ नाही."

"मग गप बस."

चित्रणाच्या दिवशी इद्वल शवपेटीजवळ उभा राहिला. "त्यानं माझा चांगला कोट कधी परत केला नाही." हे तर शेवटाकडचं वाक्य! कॅमेऱ्यामागे मेरेरिदनं गळ्यातल्या मफलरचं टोक मुठीत आवळलं. मग त्यानं मधलंच एक म्हटलं. मग थांबला. इतका थांबला, की चित्रण थांबवायला गेथिनचा हात वर जायला लागला. तिनं तो धरून खाली ओढला.

"आईला तो जास्त आवडायचा," इद्वल म्हणाला आणि पहिल्या बाकावरची, जिचं आजवर त्याच्याशी कधीच पटलं नव्हतं ती नटी ढसाढसा रडायला लागली. कितीतरी वाक्यं राहूनच गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नंतर तो प्रार्थनाघराच्या प्लायवूडच्या बाजूला, एका खोक्यावर बसलेला तिला सापडला.

"पाठ होतं मला," तो म्हणाला. "सकाळी बायकोला म्हणून दाखवलं, अगदी ओळीनं. तिथं उभा राहिलो नि गेलं. म्हटलं, बुडालो. हाताला लागली ती फळी धरली, तर प्रत्येक फळी तरंगतेय." त्यानं वर पाहिलं. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"मेंढ्या व्याल्या तेव्हापासून."

"आणि मी सगळ्यांना सांगत होतो, ही बया माझ्यावर खार खाऊन आहे."

"ऐकलंय मी. कँटीनमध्ये आवाज चांगला घुमतो तुमचा."

तो हसला आणि हसणं अर्ध्यावर सोडून म्हणाला, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग मार मला. तुला एकटीला माहीत आहे तोवर. भाच्याकडे नको धाडूस, इथंच मार, माझ्या गावात."

"इद्वल, असं मी अजून पुष्कळ दिवस लिहू शकते. सुटी वाक्यं, फाटक, हातोडी..."

"तू लिहिशील गं. पण ती सुटी का आहेत, हे आता मला कळणार ना."

ती दोन पावलं गेली, परत आली. "वसंतापर्यंत तरी थांबा."

"नाताळच्या भागात. सगळं वेल्स बघत असतं. आणि इस्पितळ नको, नळ्या नकोत. ट्रॅक्टरखाली तर अजिबात नको, ते पोरांना शोभतं."

"मागण्या किती! मरताय की बोहल्यावर चढताय?"

"आणि मरताना मला बोलायला लावू नकोस."

सोमवारी तिनं लिहायला घेतलं. म्हातारा अंगणातून आत येतो. बूट काढतो. शेकोटीजवळच्या खुर्चीत बसतो. इथं ती अडली. पुढचं वाक्य सुचत नव्हतं असं नाही. ते चांगलं स्वच्छ दिसत होतं, छोटंसं. तिनं ते लिहिलं नाही. म्हाताऱ्याला उठवलं आणि कुत्र्याला खायला घालायला लावलं. मग दिवा लावायला लावला. मग खिडकीची कडी बसली का ते बघायला पाठवलं. पान भरलं, दुसरं भरलं. गेथिन यातलं निम्मंही ठेवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती म्हाताऱ्याला घरभर फिरवत राहिली, काही केल्या बसू देईना.