नवऱ्यावरचा दावा

टियर्नी वकीलबाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी मला माझ्यापुढे काय काय मार्ग आहेत ते सांगितलं. सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"काउंटीच्या रस्ते खात्यावर दावा चालणार नाही," त्या म्हणाल्या. "आभाळातून पडून गोठलेल्या बर्फासाठी रस्तेवाल्यांना आपल्या राज्यात जबाबदार धरता येत नाही. कोणाच्या गटाराचं पाणी वाहत येऊन तिथे गोठलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. तसं काही होतं का?"

"नाही. नुसता पूल आहे. खाली ओढा."

"समोरून गाडी?"

"कोणीच नव्हतं. आमचीच घसरली आणि कठड्यावर गेली. माझ्या बाजूने."

"टायर?"

"नवे होते. त्याच महिन्यात घातलेले."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गाडी कोण चालवत होतं?"

"एल्डन."

"एल्डन कोण?"

"माझा नवरा."

"ते आत्ता कुठे आहेत?"

"बाहेर. मला तोच घेऊन आलाय."

वकीलबाईंनी खिडकीतून पाहिलं. एल्डन मेव्हण्याच्या जुन्या पिकअपमध्ये बसून घरून आणलेलं सँडविच खात होता. आमची गाडी भंगारात गेली होती.

"दावा त्यांच्यावर लावता येईल," त्या म्हणाल्या. "पैसे त्यांच्या खिशातून जाणार नाहीत, गाडीचा विमा आहे तो देईल. पण कागदावर तुमचं नाव एका बाजूला आणि त्यांचं दुसऱ्या बाजूला. आणि चूक त्यांची होती हे दाखवावं लागेल. कंपनी म्हणणार, बर्फ होता, माणूस काय करणार? आपण म्हणायचं, बर्फ होता तर बर्फावर चालवतात तशी चालवायची होती. सगळं भांडण एवढंच."

मी मान हलवली. अपघात जानेवारीत झाला होता आणि आता एप्रिल होता. कमरेचं हाड मोडलं होतं ते जुळत आलं होतं, पण मणक्याला मार बसला होता आणि डावा पाय गुडघ्याखाली माझा राहिला नव्हता. चिमटा काढला तरी कळत नसे. खरं सांगायचं तर पायाचंच काय, मला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. मुलगी फोनवर रडायची आणि मी तिला म्हणायचे, रडू नकोस, जेवलीस का. अपघाताचं मला काही आठवत नव्हतं. मांडीवर बटाट्याच्या भाजीचं गरम भांडं होतं, चर्चच्या जेवणासाठी केलेलं, एवढं आठवायचं. त्यानंतर थेट हॉस्पिटलचं छत.

एल्डनने मला धरून पिकअपमध्ये बसवलं, काठी मागे ठेवली.

"काय म्हणाल्या?"

"दावा लावता येईल म्हणाल्या."

"कोणावर?"

"तुझ्यावर."

त्याने गाडी सुरू केली. त्याने गावाबाहेरचा रस्ता धरला. मग म्हणाला, "बरं. लाव."

एल्डन शाळेची बस चालवायचा. विस्कॉन्सिनच्या आमच्या या टोकाला नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हटत नाही, आणि इतक्या वर्षांत त्याच्या बसला कधी साधा ओरखडा पडला नव्हता. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानेच शाळेत पोचवलं होतं. म्हणून सगळे पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होते: काळा बर्फ. हा बर्फ काळा नसतो, काचेसारखा असतो, खालचं डांबर दिसतं म्हणून ते नाव. एल्डनसारखा माणूस घसरला म्हणजे तिथे कोणीही घसरला असता, असं सगळे म्हणायचे. मीही तेच धरून चालले होते. कोणाची चूक नसली की घरात राहणं सोपं जातं.

मी पुढच्या खोलीत केशकर्तनाचं छोटं दुकान चालवायचे. आता दिवसभर उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून एक सोडून बाकी सगळ्या बायका जवळच्या मोठ्या गावी जाऊ लागल्या. उरलेली ती एक म्हणजे एल्डनची थोरली बहीण ओपल. ती दर शुक्रवारी यायची आणि मी उंच स्टुलावर बसून तिचे केस वळवायचे.

"गावभर झालंय," ओपल आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली. "वेर्नाने नवऱ्यालाच कोर्टात खेचलं म्हणून."

"हो."

"हो काय? त्याच्या हातचं जेवतेस, त्याच्या खांद्यावर हात टाकून संडासाला जातेस, आणि त्याच्यावरच दावा? त्याची बस जाईल उद्या, मग?"

"विमा कंपनी देणार आहे, ओपल."

"कंपनी देईल गं. नाव कोणाचं लागणार? आमच्या घराण्यात आजवर कोणी कोर्टाची पायरी चढलं नाही."

"तुझा नवरा दोनदा चढला. दारू पिऊन ट्रॅक्टर चालवला म्हणून."

"तो नवरा. घराणं म्हणाले मी."

"मान सरळ ठेव."

ती भांडायला आली होती आणि मला भांडता येत नव्हतं. मी तिचे केस नीट वळवले, जाळी बांधली, आणि ती बडबडत ड्रायरखाली जाऊन बसली.

दाव्याचे कागद घेऊन शेरिफचा माणूस आला तेव्हा आम्ही न्याहारी करत होतो. रँडल त्याचं नाव, एल्डनच्याच बसने शाळेत गेलेला. दारात उभं राहून त्याने आधी टोपी काढली, मग परत घातली.

"एल्डन, हे तुम्हाला द्यायचंय. वेर्नाबाईंकडून आहे."

"ती इथेच आहे," एल्डन म्हणाला.

"दिसतंय मला." रँडलचे कान लाल झाले. "मला फक्त हातात द्यायचे असतात."

"कॉफी घेशील?" मी विचारलं.

"नको. घेतली तर बरं दिसेल का, माहीत नाही."

तो गेल्यावर एल्डनने कागद फ्रिजवर ठेवले आणि माझ्या पावाला लोणी लावून दिलं.

विमा कंपनीने एल्डनला वकील दिला. लंडी म्हणून तरुण गृहस्थ, गोड बोलणारा. त्याला भेटून आल्यावर एल्डन कोट न काढताच खुर्चीत बसला.

"लंडी म्हणतो, घरात या विषयावर तुझ्याशी बोलायचं नाही."

"मग काय बोलायचं?"

"ते नाही सांगितलं त्याने."

आम्ही त्या विषयावर तसंही बोलत नव्हतोच. एल्डन माझी अंथरुणाची चादर बदलायचा, माझ्या पायाला तेल लावायचा. मला न कळणाऱ्या पायाला तो इतका वेळ तेल का लावतो, हे मी विचारलं नाही. उन्हाळा आला आणि गेला.

कोर्टाआधी शपथेवर घेतात ती जबानी ऑक्टोबरात झाली, टियर्नीबाईंच्याच ऑफिसात. लांब टेबल, एका बाजूला आम्ही, समोर एल्डन आणि लंडी, आणि टोकाला शब्दन् शब्द टिपून घेणारी एक बाई. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. एल्डनने मयतीला घालतो तो सूट घातला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

टियर्नीबाईंनी सुरुवात केली. किती वर्षं बस चालवता, त्या रस्त्याने किती वेळा जाता, सगळं.

"पूल रस्त्याच्या आधी गोठतो, हे तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे. पूल आला की मी पोरांना ओरडून सांगतो, बसा खाली."

"त्या दिवशी पुलावर तुमचा वेग किती होता?"

"अंदाजाने काही सांगू नका," लंडी हळूच म्हणाला.

"वेगाचं सोडा," एल्डन म्हणाला. "मी रस्त्याकडे बघत नव्हतो."

टिपून घेणाऱ्या बाईची बोटं क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली. लंडी खुर्चीतून अर्धा उठला. "आपण जरा पाच मिनिटं थांबू या."

"मला थांबायचं नाही. आता थांबलो तर परत बोलणार नाही." एल्डनने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "पुलावरून तळं दिसतं. ते गोठलं होतं आणि मासेमारीची खोपटी लागली होती वर बर्फावर. मी दरवर्षी जिथे लावतो त्या जागी कोणीतरी लाल खोपटं लावलं होतं. कोणाचं ते बघायला मी मान वळवली. पूल आलाय हे माहीत होतं. तरी वळवली. ही 'एल्डन' म्हणाली, मी पुढे पाहिलं, आणि तोवर गाडी आडवी झाली होती. बर्फ होता. पण मी बघत असतो तर हळू झालो असतो. दर वेळी होतो."

टियर्नीबाईंनी प्रश्नांचा कागद उलटा करून ठेवला.

मी 'एल्डन' म्हणाले होते. मला ते माहीत नव्हतं. मी ते आठवायचा प्रयत्न केला, भांडं, काच, पूल, पण मला माझा आवाज कुठेच ऐकू आला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी समोरचं पाणी प्यायले.

जबानी संपल्यावर एल्डननेच मला घरी आणलं. लंडी त्याला जिन्यात काहीतरी कडक बोलला होता. झाडांची पानं गळून गेली होती आणि रस्ता कोरडा होता. एल्डन दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून अगदी सावकाश चालवत होता. मागे गाड्यांची रांग लागली होती.

"खरं होतं ते?" मी विचारलं.

"हो."

"माझ्यासाठी म्हणून नाही ना बोललास? मला पैसे मिळावेत म्हणून?"

"नाही. झालं तसंच सांगितलं."

मी थोडा वेळ बाहेर बघितलं. आता राग यायला हवा, असं मला वाटत होतं, आणि मी त्याची वाट बघत होते. तो आला नाही.

"कोणाचं होतं खोपटं?" मी विचारलं.

"कळलं नाही. नंतर मी तिकडे गेलोच नाही."

त्यानंतर कंपनीने फार ताणलं नाही. कोर्टापर्यंत गोष्ट गेलीच नाही, नाताळाच्या आधी तडजोड झाली. मिळालेल्या पैशांतून दारापुढे पायऱ्यांच्या जागी उतार बांधला, बसून केस धुता येतील असं बेसिन आणि खाली-वर होणारी खुर्ची आणली, पायाचे उपचार चालू राहिले. गेलेल्यांपैकी थोड्या बायका परत आल्या. एल्डनने बस सोडली. त्याला कोणी सोडायला सांगितलं नव्हतं. शाळेने त्याला गॅरेजमध्ये बस दुरुस्त करण्याचं काम दिलं आणि तो रोज काळ्या हातांनी घरी येऊ लागला.

आणि तो बोलू लागला. आधी गप्प असणारा माणूस, आता जो भेटेल त्याला सांगायचा. चर्चबाहेर, पेट्रोल पंपावर, दवाखान्याच्या रांगेत. कोणी सहज म्हणालं, काय तो काळा बर्फ, की हा म्हणणार, "नाही, मी रस्त्याकडे बघत नव्हतो."  लोक त्याच्या पाठीवर थोपटायचे. त्याचा चेहरा दिवसेंदिवस हलका होत चालला होता. तो रात्री घोरायलाही लागला होता. मी बाजूला पडून ते ऐकायचे.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी आम्ही तळ्याकाठच्या हॉटेलात मासे खायला गेलो. बाहेर खाण्याची ती अपघातानंतरची पहिलीच वेळ. मालकीण स्वतः आमच्या टेबलाशी आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरी दिसतेस गं. मेला तो पुलावरचा बर्फ! कोणी काय करणार?"

"बर्फाचं काही नाही," एल्डन काटा खाली ठेवत म्हणाला. "मीच बघत नव्हतो. तळ्यावरचं एक खोपटं..."

"बस कर," मी म्हणाले.

"काय?"

"बस कर म्हणते. किती जणांना सांगणार आहेस?"

मालकीण दोन पावलं मागे सरकली.

"खरं आहे ते सांगतोय," एल्डन म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस? मी हॉस्पिटलात पडले होते. तू रोज त्या खुर्चीत बसून असायचास. मी तुला विचारायचे, काय झालं, मला काही आठवत नाही. तू म्हणायचास, बर्फ. जानेवारी ते ऑक्टोबर! माझ्या पायाला तेल लावत होतास तेव्हा नाही सांगितलंस. मला कधी कळलं? ती टिपून घेणारी बाई बसली होती तिथे, तिला आणि मला एकदमच कळलं. जिचं नावही मला माहीत नाही!"

सगळं हॉटेल आमच्याकडे बघत होतं. बारपाशी कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. माझ्या छातीत इतक्या जोरात धडधडत होतं की मला वाटलं काही होतंय.

"तुला मोकळं वाटतंय ना?" मी म्हणाले. "झोप लागते. छान. मला नाही लागत."

एल्डन ताटाकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याची दया आली नाही.

"भीती वाटत होती," तो म्हणाला. "तू मला घरातून काढशील."

"काढलं असतं."

"हो."

"अजूनही काढेन कदाचित."

"हो," तो पुन्हा म्हणाला. "घरी जायचं का?"

"नाही. मला जेवायचंय."

मालकिणीने राय धान्याच्या पावाची ताजी टोपली आणून ठेवली आणि निघून गेली. हळूहळू लोक पुन्हा बोलू लागले. मी मासा संपवला. एल्डनचा तसाच राहिला.

मी त्याला घरातून काढलं नाही. त्या आठवड्यात तो मुलीच्या खोलीत झोपला, आणि अजून तिथेच झोपतो. लोकांना सांगत फिरणं त्याने बंद केलं. कोणी काळ्या बर्फाचं बोललं की तो माझ्याकडे बघतो, आणि मला वाटलं तर मी सांगते, नाही वाटलं तर नाही. काही दिवस मी सकाळी उठते तीच चिडलेली उठते, आणि भांडी आपटते. ओपल म्हणते, तू फार तोंडाळ झालीस. परवा मी तिचे केस जरा जास्तच आखूड कापले, आणि आम्ही दोघी त्यावरून तासभर कडाकडा भांडलो.