माझ्या डोळ्यावरचं कुंकू

मित्रांनो, जंगलात झाडाला पट्ट्याने बांधलेली विटेएवढी हिरवट डबी कधी पाहिलीत का? तोच मी, एक जुना ट्रॅप कॅमेरा. समोरून ऊबदार अंगाचं काही हललं की मी आपसूक फोटो काढतो. तरुणपणी मी वाघांच्या जंगलात होतो. माझे फोटो साहेबांच्या भिंतींवर लागले. मग नवे कॅमेरे आले आणि माझी रवानगी नागपुरात, विद्यापीठातल्या एका कपाटात झाली. चार वर्षं झुरळांखेरीज कोणाचं तोंड पाहिलं नाही.

तिथून मला काढलं सोनिकाताईने. उमरेडच्या विणकराची ही लेक कोराडीच्या शाळेतली नोकरी सोडून पीएचडी करायला आली होती. शहरातल्या नंदनवन भागात खोली घेऊन राहायची. कन्हान नदीतल्या पाणमांजरांवर तिला संशोधन करायचं होतं. मासे खाणारं हे देखणं जनावर आता दिसेनासं झालं आहे. विद्यापीठाच्या संशोधन समितीने तिला सुनावलं, "तिथे पाणमांजर उरलंय कुठे? दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत एक फोटो आणा, नाहीतर विषय बदला." चांगले कॅमेरे वाघवाल्यांनी आधीच नेले होते. तिच्या वाट्याला मी आलो.

खापा गावाजवळ, कन्हानच्या काठच्या झाडावर तिने मला बांधलं. मी नीट चालतो का ते पाहायला ती माझ्यासमोरून हातापायांवर रांगत गेली. मासे धरणारे नत्थूजी पोट धरून हसले. त्यांच्या बायकोला, रुख्माबाईंना, ताई म्हणाली, "मावशी, हेच माह्यं अवजार. याले जपजा."

दीड महिना मी डोळ्यात तेल घालून बसलो. दर रविवारी ताई बसने यायची, कार्ड काढून लॅपटॉपला लावायची. शेळ्या. कुत्री. नत्थूजींची पाठ. ती एकेक फोटो पुसून टाकायची आणि कार्ड परत बसवायची. मला माझीच लाज वाटायची.

दसऱ्याला रुख्माबाईंनी मासेमारीचा डोंगा पुजला, जाळी पुजली. मग ताईचं अवजार कसं वगळणार? मला हळद लावली आणि बोटभर ओलं कुंकू थेट माझ्या डोळ्यावर टेकवलं. हात जोडून म्हणाल्या, "पोरीचं काम होऊ दे रे बापा."

दुसऱ्या दिवशी उजाडताना रेतीत तीन ऊबदार अंगं हलली. एक मोठं, दोन छोटी. हीच ती! माझ्यासमोर लोळली, खेळली. मी वेड्यासारखे फोटो काढत सुटलो. चाळीस फोटो, आणि सगळेच्या सगळे लाल. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

रविवारी ताई आली, तोवर रेतीतली पावलं शेळ्यांनी तुडवून टाकली होती. लाल फोटो बघून तिने लॅपटॉप मिटून टाकला. रुख्माबाईंनी कपाळावर हात मारला. "मले का मालूम वं माय! म्या तुह्या पोटावर पाय आणला." ताईला त्यांच्यावर रागावता येईना आणि त्यांची समजूतही काढता येईना. ती नुसती रडत राहिली.

सोमवारी मी समितीच्या टेबलावर होतो. फटींत कुंकू तसंच होतं. एक सर म्हणाले, "यात प्राणी दिसतच नाही. विषय बदला." तेवढ्यात, पहाटेच्या पहिल्या बसने आलेल्या रुख्माबाई दारातून थेट आत शिरल्या.

"साहेब, कुंकू म्या लावलं. चूक माही हाये. त्या जनावरानं तुमचं का बिघडवलं? त्याले काहून मिटवून राहिले?"

मग ताईला एक महिना वाढवून मिळाला, त्याहून एक दिवस जास्त नाही.

आता त्या महिन्यातले चारच दिवस उरले आहेत. माझा डोळा स्वच्छ आहे. रुख्माबाई रोज मऊ फडक्याने पुसतात. पण पलीकडच्या काठावर रेतीचे ट्रक लागले आहेत, दिवसभर घरघर चालते, आणि ती तिघं पुन्हा आलेली नाहीत. ताई आता रविवारची वाट बघत नाही, रोजच येते.

मित्रांनो, फोटो नाही म्हणून जनावरच नाही, असं म्हणू नका. ती तिघं आहेत. मी त्यांची ऊब अनुभवली आहे. पण माझा शब्द कोणी धरत नाही, मला फोटोच द्यावा लागतो. म्हणून हात जोडून सांगतो, चार दिवस ते ट्रक कोणीतरी थांबवा.