नदीपारच्या मास्तरांचं गाणं

माणूस एक वेळ सख्ख्या भावाने लाटलेला वाटा विसरेल, पण विश्वासघात विसरणार नाही. तो रक्तात उतरतो आणि बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे वाहत जातो. लिफ्टवाल्याच्या फुटबॉल क्लबात मात्र तो, क्लब सलग नऊ सामने हरेपर्यंतच वाहिला.

नवव्या पराभवानंतर क्लबाने जाहीर केलं की जुने मॅनेजर मास्तर यांना परत बोलवावं की नाही, याचा कौल समर्थक मंडळाने द्यावा. ही बातमी फोनवर वाचली तेव्हा लिफ्टवाला एका सहा मजली इमारतीत, लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून दोरांना वंगण लावत होता. त्याच्या हातातला डबा सुटला आणि थेट तळाच्या खड्ड्यात गेला. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी जाळीतून विचारलं, "काय पडलं हो?"

"काही नाही," तो म्हणाला. "जग."

मास्तर पूर्वी खरोखरच शाळेत गणित शिकवत. मग आमच्या क्लबाचे मॅनेजर झाले आणि त्याला कधी नव्हे ते दुसऱ्या क्रमांकावर घेऊन गेले. आणि सहा वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, पूल ओलांडून पलीकडच्या क्लबात गेले. बसने गेले. निदान तोंड लपवून, काळ्या काचांच्या गाडीतून गेले असते तर माणसाने समजून घेतलं असतं. पण हातात पिशवी धरून, सुटे पैसे देऊन, साध्या बसने गेले. ही जखम वेगळी मोजायची.

त्याच संध्याकाळी लिफ्टवाल्याला गाणं सुचलं. त्याआधी त्याला कधी काही सुचलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

*नदीपार गेला, मास्तर गेला,*
*गेला तो मेला रे, मेला तो गेला!*
*फळा आमचा, खडू आमचा,*
*धडा शिकवाया तिकडे गेला!*

पुढच्या सामन्याला त्याने ते भीत भीत शेजारच्या दोघांना म्हणून दाखवलं. मध्यंतरापर्यंत सगळा स्टँड गात होता. तेव्हापासून सहा वर्षं, सामना कुणाशीही असो, ते गायल्याशिवाय कुणी घरी गेलं नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची आठवण लोकांना दोन मजल्यांच्या मधे अडकल्यावरच येते, आणि तीही चांगल्या शब्दांत येत नाही. पण स्टँडमध्ये त्याला 'कवी' म्हणत. कठड्याजवळची जागा त्याच्यासाठी सोडत. दोन हजार माणसं त्याचे शब्द तोंडात घेऊन घसा फोडत. मास्तर परत आले तर ते गाणं संपणार होतं, आणि गाणं संपलं की कवी संपणार होता. उरणार होता तो वंगणाच्या हातांचा माणूस.

घरी आला तर बायको शिवणाच्या मशीनपाशी बसली होती. ती कपडे लहानमोठे करून देण्याचं काम करी. मांडीवर मोठं लाल कापड होतं आणि ती त्यावरची पांढरी अक्षरं उसवत होती. कापड त्याने लगेच ओळखलं. त्यावर 'गद्दार' असं लिहिलेलं होतं. तिनेच शिवलेलं, सहा वर्षांपूर्वी, रडत रडत.

"अगं, हे काय करतेस?"

"उसवतेय. कापड चांगलं आहे. 'स्वागत' बसेल त्यात."

तो दारातच उभा राहिला. बूट काढायचे असतात हेही सुचेना.

"तू... तू त्याच्या बाजूने?"

"मी गोलच्या बाजूने," ती दातांनी दोरा तोडत म्हणाली. "अहो, नऊ सामन्यांत दोन गोल. त्यातला एक आपल्याच जाळ्यात. तुमचं गाणं छान आहे, नाही कोण म्हणतंय? पण गाण्याने चेंडू आत जात नाही."

"त्याने आपल्याला सोडलं!"

"माझी आत्याही नवऱ्याला सोडून माहेरी आली होती. नंतर गेली परत. चांगला चाललाय संसार. तिथे नाही तुम्ही गाणं केलं ते."

त्या रात्री तो न जेवताच झोपला. म्हणजे, जेवला, पण न बोलता.

मंडळाची सभा टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरली. खोलीला रबराचा वास येई, त्यामुळे तिथे झालेला प्रत्येक निर्णय थोडा ताणलेला वाटे. अध्यक्ष दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. समोरच्याला उत्तर देता येत नसताना बोलत राहायची त्यांना सवय होती, म्हणूनच त्यांना निवडलं होतं.

"शांतपणे बोलायचं," त्या म्हणाल्या. "कुणाला फारसं दुखणार नाही."

पहिल्यांदा बेकरीवाला उठला. त्याचं म्हणणं असं, की मास्तर परत येणार असेल तर आपण सहा वर्षं ओरडलो ते काय घसा साफ करायला? टाळ्या पडल्या. लिफ्टवाल्याचा जीव जरा भांड्यात पडला.

मग त्याचा मेव्हणा उठला. हा गाडी चालवायला शिकवी. मास्तर गेले तेव्हा सगळ्यांत जास्त संताप यालाच झाला होता. इतका, की त्याने कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि रोज मनसोक्त ओरडता यावं म्हणून त्याचं नाव 'मास्तर' ठेवलं. म्हणून लिफ्टवाल्याने त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं.

"माझं म्हणणं आहे, आणा त्याला परत," मेव्हणा म्हणाला.

खोलीत कुणीतरी 'आँ' केलं. लिफ्टवाल्याला नंतर कळलं की ते आपणच केलं होतं.

"आता काय सांगू भाऊजी," मेव्हणा त्याच्याकडे न बघता म्हणाला. "सहा वर्षं झाली. सकाळी उठलं की मास्तर, मास्तर. जेवायला बसलं की मास्तर पायाशी. मागच्या थंडीत त्याला ताप आला तर मी रात्रभर जागलो. एवढं नाव घेतल्यावर माणूस राग किती दिवस धरणार?"

"अरे, पण तो कुत्रा आहे!"

"राग तरी कुठे बघून येतो, भाऊजी, कोण कुत्रा आणि कोण माणूस ते?"

डॉक्टरीणबाईंनी कौल घ्यायचं ठरवलं.

मंडळात हात वर करून मतदान होत नसे. पूर्वी एकदा करून पाहिलं होतं. पण ही सगळी फुटबॉलची माणसं, काहीही विचारलं की दोन्ही हात वर. तेव्हापासून कौल गाऊन घ्यायचा असा रिवाज पडला. एक बाजू या भिंतीला, दुसरी त्या भिंतीला. दोघांनी एकाच वेळी आपापलं गाणं म्हणायचं. क्लबाचे जुने गोलरक्षक खांबकाका जिन्यात उभे राहायचे, दार बंद. दारापलीकडे ज्या बाजूचं गाणं पोचेल ती बाजू जिंकली. ढोल हवा की नको, टोप्या लाल की पांढऱ्या, सगळं असंच ठरलं होतं, आणि कधी भांडण झालं नव्हतं.

सभेला आलेली बायको त्या भिंतीला गेली. जाताना त्याच्या हातातली थर्मासची बाटली घेऊन गेली, म्हणजे त्याचे दोन्ही हात मोकळे राहतील. लग्नाला अठरा वर्षं झालेली बायकोच असं करू शकते.

लिफ्टवाल्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली. तो असा कधीच गायला नव्हता. बेकरीवाल्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. खालच्या दुकानातला माणूस हातोडी थांबवून वर बघू लागला म्हणे. दुसऱ्या कडव्याला लिफ्टवाल्याच्या लक्षात आलं, की समोरची भिंतही तेच गातेय. चाल तीच, ठेका तोच, शेवटच्या 'रे'ला दिलेला हेलकावाही त्याचाच. शब्द तेवढे वेगळे: *नदीपार होता, मास्तर होता, येतो तो आला रे, आला तो येतो!* मेव्हणा हातवारे करून गाडी मागे घ्यायला शिकवावं तसा त्यांना चालवत होता. मास्तरांवर दुसरं गाणंच अस्तित्वात नव्हतं, मग त्यांनी तरी काय करायचं?

दार उघडलं. खांबकाका आत आले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इतकी वर्षं जिन्यात उभा राहतोय," ते म्हणाले, "पण असं कधी ऐकलं नाही. दोन्ही भिंती एकच गाणं गात होत्या. मास्तरांचं. एकमताने मंजूर!"

बेकरीवाला मटकन खाली बसला.

"काका!" लिफ्टवाला ओरडला. "अहो, आम्ही शिव्या देत होतो!"

"शिव्या?" खांबकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, मी बावीस वर्षं गोलमध्ये उभा होतो. शिव्या म्हणजे काय ते मला विचार. शिव्या देणारा दम राखून देतो. हे जीव तोडून चाललं होतं. असं माणूस फक्त आपल्या माणसासाठी ओरडतो."

"बाई, तुम्ही तरी सांगा!"

"रिवाज म्हणजे रिवाज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपण कौल ऐकतो. अर्थ लावत बसलो तर सकाळ होईल. आणि हो, कवी, पहिल्या सामन्याला मैदानात उतरून मास्तरांच्या गळ्यात मफलर तुम्हीच घालायचा. दोन शब्दांत माफीही मागा. ज्याने दुखावलं त्यानेच मलम लावावं. म्हणजे विषय मुळापासून निघाला."

लोक उठून जिना उतरू लागले. जी माणसं तासापूर्वी मास्तरांना नदीत बुडवायला निघाली होती ती आता ते कुठल्या बसने येतील याची चर्चा करत होती. लिफ्टवाला रिकाम्या खोलीत खुर्च्या एकात एक घालत राहिला. कवीपदावरून त्याला काढून टाकलं होतं, आणि तेही त्याच्याच चालीवर.

पुढचे काही दिवस लिफ्टच्या विहिरींतून माफीचे सूर ऐकू येत. 'मास्तर, रागाच्या भरात...' नको. 'मास्तर, कवी हा शेवटी...' हे तर मुळीच नको. एका इमारतीत तर चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून सांगितलं, "झालं गेलं विसरून जा रे."

सामन्याच्या दिवशी मधल्या फाटकातून त्याला आत सोडलं. इतकी वर्षं त्याने हे गवत वरूनच पाहिलं होतं. मास्तर रेषेपाशी उभे होते. केस पिकले होते, पिशवी तीच वाटत होती. लिफ्टवाल्याने त्यांच्या गळ्यात मफलर घातला. तो उसवलेल्या लाल कापडातून उरलेल्या पट्टीचा होता, हे तो बोलला नाही. मास्तरांनी हात पुढे केला. हात कोमट होता. ज्या माणसावर आपण सहा वर्षं जगलो, तो माणूस असा साधा कोमट असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मागे स्टँडने गाणं धरलं. अर्धे जुने शब्द, अर्धे नवे, ज्याला जे सुचेल ते.

"मास्तर," लिफ्टवाला म्हणाला. "ते गाणं मी केलंय. तुमच्यावर. पहिल्यापासून मीच. माफ करा."

"कुठलं गाणं?"

मोठ्या मनाने विचारतायत, असं त्याला वाटलं. "हे काय, आत्ता चाललंय ते."

मास्तरांनी मान वर करून कान दिला. लिफ्टवाल्यानेही दिला. वर पत्र्याचं छप्पर होतं. दोन हजार गळ्यांतून निघालेली ओळ त्या पत्र्यावर आपटत होती आणि तिथल्या तिथे गोल फिरत होती. खाली गवतापर्यंत पोचत होती ती नुसती घरघर. नदी नाही, फळा नाही, गेला नाही, मेला नाही. बेअरिंग गेलेली मोटर वाजते तसं काहीतरी. त्याने मान तिरपी केली, एक डोळा मिटला, कानामागे हात धरला. त्याला त्याचाच एक शब्द सापडेना.

"ते होय!" मास्तर म्हणाले. "ते गाणं आहे?"

पलीकडच्या क्लबाबरोबर ते इथे दरवर्षी येत, तेव्हा स्टँडमागे कुणीतरी जनरेटर लावतं अशी त्यांची समजूत होती. त्याबद्दल त्यांनी दोनदा रीतसर तक्रारही केली होती.