वाळवणातला आवाज

जपानात, तोक्योशेजारच्या ग्योतोकुत, आमच्या बिल्डिंगमध्ये कचऱ्याची पाळी असते. त्या आठवड्यात ती माझी होती. सकाळी सातला खाली उभं राहायचं आणि कुणी प्लास्टिक जळाऊ कचऱ्यात घातलंय का, बाटल्यांची झाकणं काढलीत का, ते बघायचं. मुंबईच्या बँकेत वीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या, आता इथे बदलीवर येऊन त्यांचा कचरा तपासते. चालायचंच.

शुक्रवारी एका पिशवीत धातूचं काहीतरी हाताला लागलं. जळाऊ कचऱ्यात धातू! उघडून बघते तर जुन्या टेपचं रीळ, ताटलीएवढं, पुठ्ठ्याच्या फाटक्या खोक्यात. खोक्यावर १९८१ साल आणि हॉलिस-सानचं नाव. मी पिशवी उचलली आणि तरातरा त्यांच्या दाराशी गेले.

हॉलिस-सान म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे निळ्या डोळ्यांचे अमेरिकन आजोबा. अर्कान्सातून नौदलात आले, नौदलातून योकोसुकाच्या तळावर, आणि तिथल्या एका जपानी मुलीशी लग्न करून इथलेच झाले. इथल्या चिबा जिल्ह्यातल्या लहान लहान बारमध्ये तीस वर्षं ब्लूज आणि सोल गायले. तोक्योत त्यांना काळं कुत्रंही ओळखत नव्हतं, पण फुनाबाशीपासून उरायासूपर्यंत सगळे ओळखायचे. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून पाटीवर लिहून बोलतात. बायको आधीच गेलेली. रविवारी त्यांची मुलगी मारी त्यांना नागानोला, तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेणार होती.

दार मारीनंच उघडलं. पिशवी बघून ती कमरेत वाकली. "माफ करा, वर्गीकरण चुकलं का?"

"वर्गीकरण गेलं खड्ड्यात! हा तुझ्या वडिलांचा आवाज आहे ना?"

"ते वाजत नाही, सुचेता-सान. टेप चिकटलीय. मशीनवर लावली की किंचाळते आणि थांबते."

मागे खुर्चीत हॉलिस-सान बसले होते. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'एवढं एकच आहे.' त्या मशीनवरही मोठ्या कचऱ्याचं स्टिकर लागलेलं होतं, सोमवारी गाडी नेणार होती. मी म्हटलं, रविवारी सकाळपर्यंत हे रीळ माझं. बघू कोण नेतंय ते.

माझा नवरा संजीव तोयोसुला आयटीत आहे. त्यानं त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीनं जुन्या रेकॉर्डींच्या एका जाणकाराला फोन लावला. तो गृहस्थ म्हणाला, दमटपणानं टेपचा गोंद सुटलाय, लावाल तर वरचा थर सोलून निघेल. आणि तसंही काळ्या लोकांच्या गाण्याची गोऱ्या माणसानं केलेली नक्कल, तीही चिबातली. कशाला जीव काढता?

संजीवनं हे सांगितलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी लावणी म्हटली होती, तेव्हा आमच्या काकांनी हेच ऐकवलं होतं. आपल्या घरातल्या मुलीचं हे गाणं नव्हे म्हणे. मी ऐकलं, गप्प बसले, आणि पुन्हा कधी गायले नाही. आजही त्याचा राग येतो, त्यांच्यापेक्षा माझाच जास्त.

मी तडक खाली जाऊन हॉलिस-साननाच विचारलं, ही नक्कल आहे का हो? ते रागावले नाहीत. बराच वेळ लिहीत राहिले. 'सुरुवातीला होती. बोटीवर आयझॅक होता, काळा होता, ऑर्गन वाजवायचा. त्यानं नऊ वर्षं शिकवलं. या टेपवर ऑर्गन त्याचाच आहे. तोही आता नाही.'

म्हणजे एका रिळात दोन माणसं होती, आणि दोघंही जळाऊ कचऱ्यात.

इंटरनेटवर शोधलं तर उपाय सापडला. अशी टेप चोपन्न-पंचावन्न अंशांवर आठ तास कोरड्या हवेत ठेवायची, मग ती थोडे दिवस वाजते. चोपन्न अंश! अहो, माझ्याकडे डिहायड्रेटर आहे. इथल्या दमट हवेत वाळवणं कुठली वाळायला, म्हणून घेतलेला. सांडगी मिरची त्यातच होते.

"सुचे, त्याला मिरचीचा वास येतोय," संजीव म्हणाला.

"येऊ दे. ब्लूज तिखटच असतात."

तीनदा पुसून, जाळ्या काढून, शनिवारी दिवसभर ते रीळ वाळवलं. दर तासानं उलटत होते. आईनंही कुरडयांची एवढी राखण केली नसेल.

रविवारी दहाला हॉलिस-साननी टेप मशीनला लावली. संजीवनं लॅपटॉप ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. आणि आवाज आला! आधी ऑर्गन, मग खरखरीत, छातीतून ओढून काढलेला, कुणाच्या बापाला न भिणारा आवाज. मला इंग्रजी शब्द निम्मे कळले नाहीत, पण डोळ्यांतून पाणी थांबेना. हॉलिस-सान ओठ हलवत होते. मारी खोकी बांधायची थांबली होती. पाच गाणी झाली. मशीनवर तपकिरी भुकटीचा थर साचला होता.

"आता ऐकू या," म्हणत संजीवनं रेकॉर्डिंग लावलं आणि त्याचा चेहरा पडला.

ऑर्गन नाही. ड्रम नाही. गाण्याच्या जागी बुडणाऱ्या माणसासारखे तुटके हुंकार. झालं असं, की पठ्ठ्यानं ऑफिसच्या मीटिंगचं सॉफ्टवेअर वापरलं होतं. माझ्या मिक्सरचा आवाज साहेबांना जाऊ नये म्हणून त्यात आजूबाजूचा गोंगाट काढून टाकायची सोय कायम चालू असते. त्या दीडशहाण्या यंत्रानं संगीताला गोंगाट ठरवलं आणि पुसून टाकलं.

"संजीव!" मी ओरडले.

तेवढ्यात लॅपटॉपमधून एक स्वच्छ वाक्य आलं. दोन गाण्यांच्या मधलं, नुसतं बोलणं. ते यंत्रानं जसंच्या तसं ठेवलं होतं. तरुण हॉलिस-सान हसत कुणाला तरी सांगत होते, "चुकलं तर चुकलं. चल, पुन्हा पहिल्यापासून."

मारीच्या हातातली दोरी खाली पडली. दोन वर्षांनी बाप बोलला होता.

हॉलिस-सान उठले आणि टेप मागे गुंडाळायला लागले. संजीव घाबरून म्हणाला, "ही भुकटी बघा, दुसऱ्यांदा काही उरेल न उरेल." त्यांनी पाटीवर लिहिलं, 'आवाज माझा. संपला तर माझा संपेल.'

संजीवनं ती सोय बंद केली, मला तीनदा दाखवली. टेप सुरू झाली. वरचे सूर जरा विरले होते, मध्येच एखादा शब्द गळत होता, पण ऑर्गन होता, ड्रम होते, आवाज होता. लॅपटॉपच्या पडद्यावर रेघ उसळत होती. मी मशीनचं बटण फिरवून आवाज पार वर नेला. भिंत हादरली तरी बेहत्तर.

तिसऱ्या गाण्याला बेल वाजली. रहिवासी समितीचे मोरिता-सान असणार, दुसरं कोण! मी पदर खोचून भांडायला निघाले, तर मारीनं हातानं मला अडवलं. लहानपणापासून शेजाऱ्यांपुढे वाकून या गाण्याची माफी मागायचं काम तिच्याकडे होतं, आई कामावर असायची म्हणून. हे तिनं मला कालच सांगितलं होतं.

तिनं दार सताड उघडलं. मोरिता-साननी आवाज जरा कमी कराल का म्हणून विचारलं.

मारी वाकली नाही.

"नाही," ती म्हणाली. "बाबा गातायत."