कानामागचा पहिला फोड

नातवाला, लेकाच्या केंगोला, गरम पाण्याच्या हौदात उतरवण्याआधी शिझुए त्याची पाठ चोळत होती, तेवढ्यात कानामागे तिला तो फोड दिसला. लाल डागावर पाण्याचा टपोरा थेंब. छे, डास कसला! लेकाच्या कांजिण्या काढलेली बाई ती.

"आजी, खाजतंय," केंगो म्हणाला.

"गप रे, डास चावलाय."

बाहेर तिची लेक कानाए आंघोळीसाठी थांबली होती. आठवा सरत आलेला. लेकीला कांजिण्या कधी आल्याच नव्हत्या. भावाला आल्या तेव्हा शिझुएनेच तिला मावशीकडे धाडलं होतं. आता बोललं, की कानाए लगेच नागोयाला सासूकडे जाणार. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून शिझुए त्या विहीणबाईशी सहा महिने भांडली होती. उद्या बघू, म्हणत तिने फोडावर पट्टी चिकटवली आणि तिघांची अंथरुणं रोजच्यासारखी शेजारी-शेजारी घातली. अक्कल नव्हती असं नाही हो, बाईला मोह सुटेना!

उद्याचे चार दिवस झाले. केंगो तापाने फणफणला. अंगभर पुटकुळ्या, काही ताज्या, काही पाण्याने टरारलेल्या. गावच्या डॉक्टरांनी दारातूनच ओळखलं.

"कांजिण्या. नखं कापा, खाजेला हे लोशन लावा. तापाला पॅरासिटामॉल द्या, अ‍ॅस्पिरिन चुकूनही नको." मग त्यांची नजर कानाएच्या पोटावर गेली. "पहिला फोड कधी दिसला? हिला कांजिण्या टाळायचं इंजेक्शन द्यावं लागेल. जितक्या लवकर तितकं बरं."

"आज सकाळी," शिझुए म्हणाली.

इंजेक्शन झालं. पंधरवड्याने कानाएच्या मानेवर फोड उठले, आणि तिसऱ्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगी. आठवड्याच्या आत पोरीच्या इवल्याशा छातीवर तेच थेंब, नाकात नळी, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी इंजेक्शन मिळूनही इतकं कसं झालं, कळत नाही."

"आईने तर दिसल्या दिसल्या सांगितलं होतं," कानाए म्हणाली आणि तिने आईचा हात घट्ट धरला. "आईची काही चूक नाही."

शिझुएला तो हात सोसवेना.

"चार दिवस," ती म्हणाली. "चार दिवस मला माहीत होतं गं."

कानाएने हात सोडला. काचेपलीकडच्या पोरीवरची नजर तिने हलवली नाही.

"सासूबाईंना फोन कर," ती म्हणाली. "म्हणावं, लगेच या. आणि तू घरी जा."