पुढची सीट

शशिधरला एकच व्यसन होतं. तो सिगारेट ओढत नसे, क्रिकेट फक्त टीव्हीसमोर बसून खेळत असे आणि पबमध्ये गेलाच तर अर्धा पाइंट बिअर समोर ठेवून त्याच्याकडे पाहत बसे. पण समोर माणूस आला आणि बोलता बोलता आपण कुठे निघालोय हे सांगायची वेळ आली, की त्याच्या तोंडून "चला की तुम्ही पण!" हे निघाल्याशिवाय राहत नसे.

पुण्यात हे खपतं. तिथे समोरचा "नको नको, तुम्ही जाऊन या" म्हणतो, आपण "अहो, चला हो" म्हणतो, तो "पुढच्या वेळी नक्की" म्हणतो आणि दोघंही समाधानानं आपापल्या घरी जातात. लंडनच्या हाउन्सलोत मात्र माणसं एकटी पडलेली असतात. ती खरंच येतात.

अर्चनाकडे याची सगळी नोंद होती. वहीत नव्हे, डोक्यात. आणि तिच्या डोक्यातलं काही पुसलं जात नसे. हाय स्ट्रीटवरच्या फार्मसीत काउंटरला उभं राहून कुणाला कुठली गोळी लागू पडत नाही हे ती तोंडपाठ सांगायची, तिथे नवऱ्याचं काय! लग्नाला बारा वर्षं. शहाण्णव साली लेक डिस्ट्रिक्ट: चुलत दीर राजीव आदल्याच आठवड्यात हीथ्रोवर उतरलेला, म्हणून तो बरोबर. नव्व्याण्णव साली स्कॉटलंड: सासू-सासरे. दोन हजार तीन, कॉर्नवॉल: शशिधरचे बर्मिंगहॅमचे साहेब आणि त्यांच्या मिसेस. दोघांनीच केलेले प्रवास: शून्य.

आणि या प्रत्येक प्रवासात अर्चना मागच्या सीटवर. राजीवचे पाय लांब, म्हणून तो पुढे. सासूबाईंना गाडी लागते, म्हणून त्या पुढे. साहेब तर काय, साहेबच. खरी गंमत अशी की घरात नकाशा वाचता येणारं माणूस एकच, आणि ते मागे, मांडीवर रोड अॅटलस उघडून. "पुढच्या राउंडअबाउटला डावीकडे," असं ती म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, "काय म्हणतेय ती?" शशिधर म्हणायचा, "काय गं?" तोवर डावीकडचा रस्ता मागे पडलेला असायचा. स्कॉटलंडला जाताना एकाच राउंडअबाउटला त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या होत्या. सासूबाईंनी मनोभावे हात जोडायचेच तेवढे बाकी होते.

अशात दोन हजार सातच्या जूनमध्ये लेकीच्या, दियाच्या, शाळेची सहल ठरली. दहा वर्षांची दिया सोमवार ते शुक्रवार वेल्सच्या डोंगरात दोरीला लोंबकळणार होती. त्या काळात कुणी पाहुणे यायचे नव्हते, कुणी राहायला नव्हतं. अर्चनानं कॅलेंडरकडे पाहिलं, मग शशिधरकडे. दोघांनी सोमवार ते गुरुवार रजा टाकली.

मग तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर अॅटलस उघडाच राहिला. जेवणाची ताटं त्याच्या कडेनं लागायची आणि डॉर्सेटच्या किनाऱ्यावर आमटीचा एक डागही पडला. सोमवारी बाथ, हे अर्चनाचं. तिला असं शहर हवं होतं जिथे फिरताना कुणी "अगं, तू इथे कशी?" म्हणणार नाही. मंगळवार-बुधवार लाइम रेजिसला समुद्र, हेही तिचंच; एक बी अँड बी, म्हणजे मुक्काम-न्याहारीची घरगुती सोय, तिनं शोधला होता, ज्याच्या खोलीत खुर्च्या दोनच होत्या, आणि त्या दोन खुर्च्यांसाठीच तिनं तो घेतला. शशिधरनं सगळ्याला "हो हो" म्हटलं. फक्त एकाच गोष्टीवर तो अडून बसला.

"गुरुवारी येताना सफारी."

"सफारी? कुठली?"

"वॉर्मिन्स्टरजवळ आहे एक. सिंह, माकडं, सगळं. आपण आपल्या गाडीतनं फिरायचं, काचा बंद करून."

"शशी, दिया बरोबर नाहीये आपल्या."

"मग काय झालं? मला बघायचाय सिंह."

एक्केचाळीस वर्षांचा माणूस, विमानतळाजवळच्या मालवाहतूक कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळणारा. पण त्याचा चेहरा असा काही झाला की अर्चनानं हिरव्या पेनानं 'गुरु: सिंह' असं लिहून टाकलं.

माशी शिंकली ती वेम्बलीत. ईलिंग रोडवर भाजी घेऊन झाल्यावर दोघं नेहमीसारखी श्रीकांत-स्वातीकडे चहाला गेली. श्रीकांत शशिधरचा कॉलेजपासूनचा मित्र, बँकेत नोकरीला. माणूस उत्साही, इतका की त्याच्या शेजारी बसलं तरी दमायला होतं. नुकतीच त्यानं सात सीटची गाडी घेतली होती आणि तिच्यात बसवायला रस्ता सांगणारा सॅट-नॅव्हही. त्या यंत्राचं कौतुक तो बाळाच्या पहिल्या दातासारखं करायचा.

"मग, सुट्टीत काय?" श्रीकांतनं विचारलं.

अर्चनाचा हात चकलीवर थांबला. तिनं टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. पण व्यसन ते व्यसन.

"बाथ, लाइम रेजिस, मग सफारी," शशिधर म्हणाला, आणि पायावरचा दाब वाढत असतानाच, "चला की तुम्ही पण!"

"काहीतरीच काय," स्वाती म्हणाली, "त्यांना जाऊ दे की दोघांना."

"अहो वहिनी, चला हो! मजा येईल!"

आता इथे "पुढच्या वेळी नक्की" यायला हवं होतं. ते आलं नाही. मंगळवारी श्रीकांतचा फोन आला: रजा मंजूर, आणि गाडी त्याचीच न्यायची. बुधवारी त्याचा ईमेल आला, बरोबर एक्सेल शीट. बी अँड बी रद्द करायचा होता, त्याऐवजी किचन असलेलं कॉटेज. बाथ अर्ध्या दिवसात उरकायचं, कारण त्यांच्या छोट्या निधीला चालवत नाही. सफारीऐवजी मत्स्यालय, कारण सिंहाला पाहून ती रडेल. आणि शेवटी गाडीतली बैठक: पुढे शशी आणि श्री, 'नॅव्हिगेशन'. मध्ये स्वाती, निधी. मागे अर्चना आणि बॅगा.

अर्चना भांडली नाही. तिनं फार्मसीतल्या प्रिंटरवर तो कागद काढला आणि घरी येऊन फ्रिजवर लावला. मग शशिधर कामावरून आल्यावर शांतपणे विचारलं, "अहो, वाढू का?"

शशिधरला दरदरून घाम फुटला. घरात ती त्याला 'अरे' म्हणायची. 'अहो' फक्त वडीलधाऱ्यांसमोर, आणि आत्ता घरात वडीलधारं कुणीच नव्हतं.

दिया दूध काढायला फ्रिजपाशी गेली आणि तिथेच वाचत उभी राहिली. "आई, तू लगेजबरोबर बसणार?"

"तिसऱ्या रांगेत."

"बट व्हाय? हा ट्रिप तर तुझा होता."

एरवी अर्चनानं लगेच 'ही ट्रिप, तुझी' असं दुरुस्त केलं असतं. आज तिनं फक्त पोळी तव्यावर उलटली. दिया एकदा आईकडे, एकदा बाबाकडे पाहून दुधाचा ग्लास घेऊन वर निघून गेली. पोरगी हुशार होती; कुठल्या खोलीत थांबू नये हे तिला कळायचं.

शशिधर खुर्ची ओढून बसला. अॅटलस अजून तिथेच होता, आमटीच्या डागासकट. डॉर्सेटच्या पानातून अर्चनाचा हिरव्या पेनानं लिहिलेला कागद डोकावत होता. त्यानं तो उगाच आत सरकवला.

"तुला माहितीय, सफारीचं मी का धरून बसलो होतो?"

"सिंह बघायचा होता ना तुम्हाला."

"सिंह कुणाला बघायचाय! अगं, तिथे आत शिरताना पाटी असते. गाडीतून उतरायचं नाही, काच खाली करायची नाही." तो नकाशावरच्या डागाकडे बघत बोलत होता. "म्हटलं, निदान तासभर तरी मला कुणाला 'चला की' म्हणता येणार नाही. आपण दोघंच राहू. जबरदस्तीनं."

अर्चनानं गॅस बंद केला. म्हणजे याला ठाऊक होतं. बारा वर्षं हिशोब आपण एकटीच ठेवतोय असं ती समजत होती, आणि हा समोर बसून तेच आकडे मांडत होता.

"तू सिंहाला म्हणशील, 'चला की,'" ती म्हणाली.

'तू' ऐकून त्याच्या जिवात जीव आला. पण ती हसत नव्हती.

"शशी, मला पुढे बसायचंय. एकदा. समोरचा रस्ता बघत. मला बाथ नको, समुद्र नको, एम-फोरवर स्लाउपर्यंत जाऊन परत आलो तरी चालेल. पण पुढे."

शशिधर उठला. जिन्याखाली फोन होता, तिथे जाऊन पायरीवर बसला. उन्हाळ्याची लांबलेली संध्याकाळ दाराच्या काचेतून आत आली होती. अर्चना स्वयंपाकघरातच थांबली. तिला एकच बाजू ऐकू येत होती.

"श्री? हां, मी. हो, मिळालं, मिळालं. मस्त केलंयस रे शीट."

अर्चनानं डोळे मिटले.

"नाही, कॉटेजचं नाही. म्हणजे... तसं नाही. श्री, ऐक ना. तुम्ही येऊ नका."

एवढं सरळ वाक्य त्या माणसानं जन्मात उच्चारलं नव्हतं. फोनलाही बहुधा ते नवीन असावं.

"नाही रे, भांडण कसलं! आम्हाला दोघांनाच जायचंय. कधी गेलोच नाही. तुला म्हटलं ती माझी चूक... हो. रजा घेतलीस, माहितीय मला. हो. सॉरी, श्री."

त्यानं फोन ठेवला. अर्चना बाहेर आली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मग बोलावलंस कशाला."

"आणि?"

"आणि ठेवला."

शेजाऱ्याची काच फोडून आलेल्या पोरासारखा तो बसला होता. जगात कुणी आपल्यावर नाराज असावं, ही कल्पनाच ज्याला सोसत नाही, त्यानं वीस वर्षं जुन्या मित्राला स्वतःच्या हातानं दुखावलं होतं. अर्चनाला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला जिंकल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. ती त्याच्या शेजारी, त्याच अरुंद पायरीवर, अंग चोरून बसली.

"चहा करू?" तिनं विचारलं.

"मी करतो," तो म्हणाला, पण उठला नाही. तिचा हात त्याच्या हातात होता.

रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात श्रीकांत. मागे रस्त्यावर ती सात सीटची गाडी, इंजिन चालूच, आत स्वाती आणि झोपलेली निधी.

"आत ये ना," शशिधर म्हणाला.

"नको. घाईत आहे." श्रीकांतनं एक खोका पुढे केला. "बाथमध्ये वन-वे फार आहेत. हा घेऊन जा."

सॅट-नॅव्ह! पहिला दात उपटून द्यावा तसा त्यानं तो दिला.

"श्री, अरे..."

"वहिनींच्या नकाशावर माझा भरवसा आहे. तुझ्या कानांवर नाही. परत आणून दे म्हणजे झालं."

शशिधरनं तोंड उघडलं. आतून वर येणारे ते शब्द अर्चनाला मागून, त्याच्या मानेवरूनसुद्धा दिसले. ते गळ्यापर्यंत आले, तिथे थांबले, आणि त्यानं ते गिळले.

"थँक्स, श्री," तो म्हणाला.

गाडीतून स्वातीनं हात हलवला. पूर्ण नाही, अर्धाच.

सोमवारी सकाळी दियाला शाळेच्या कोचमध्ये बसवून दोघं गाडीपाशी आली. एरवी दियाशेजारी बसायच्या सवयीनं अर्चनानं मागचं दार उघडलं, पर्स आत टाकली आणि एक पाय आत घातला.

"तिकडे कुठे?" शशिधर म्हणाला.

ती तशीच थांबली. मग पाय बाहेर काढला, पर्स घेतली आणि वळसा घालून पुढे येऊन बसली. सीट कुणाच्या तरी लांब पायांसाठी पार मागे ढकललेली होती. तिनं खालचा दांडा ओढून ती पुढे घेतली: एक खट्, दुसरं खट्. समोरची काच केवढी मोठी होती! पलीकडच्या फुटपाथवरची बाई, लाल बस, लांबवर उतरत चाललेलं विमान, सगळं आधी तिच्याकडे येत होतं.

शशिधरनं काचेला सॅट-नॅव्ह चिकटवला. अर्चनानं बटणं पाहत पाहत 'होम' दाबलं. यंत्रातल्या बाईनं क्षणभर विचार केला आणि त्यांना अत्यंत आदरानं वेम्बलीला जायला सांगितलं.

"अरेच्चा, त्याचंच घर आहे आत," शशिधर म्हणाला. "आण इकडे, आपला पोस्टकोड टाकतो."

अर्चनानं यंत्रावर हात ठेवला. तिच्या डोक्यातल्या नोंदींत श्रीकांतच्या नावासमोर आजवर बरंच काही लिहिलेलं होतं. त्यात आता स्वातीचा तो अर्धाच हललेला हातही होता आणि हा खोकाही.

"राहू दे तेच," ती म्हणाली. "गुरुवारी सिंह बघून झाले की 'होम' दाबू. आधी तिकडेच जाऊ चहाला."

"न कळवता? त्यानं बोलावलं नाहीये."

"म्हणूनच. बोलावल्यावर सगळेच जातात."

शशिधर तिच्याकडे पाहत राहिला. तिनं यंत्रात बाथ टाकलं आणि अॅटलस मांडीवर उघडला, डागाच्या पानावर.

"समोर बघ," ती म्हणाली. "पुढच्या राउंडअबाउटला डावीकडे."

यंत्रातल्या बाईच्या कितीतरी आधी. आणि तो वेळेवर वळला.